नशेचे व्रण

अमली पदार्थांचा त्वचेला उपद्रव होतो तो काही वेळा पदार्थाच्या गुणामुळे, पण अधिक वेळा तो घेण्याच्या रीतीमुळे. मुंबईत १९८०च्या दशकात गर्दचा, म्हणजे ब्राउन शुगरचा, फैलाव झाला. पन्नीवरचा धूर ओढणाऱ्याची बोटे भाजतात, लायटर धरून अंगठ्याला घट्टा पडतो. अफूवर्गीय पदार्थांमुळे शरीरात हिस्टामिन सुटते, अंगाला खाज येते आणि खाजवून जखमा होतात.

खरे नुकसान सुईचे. अस्वच्छ सुईतून जंतू त्वचेखाली जातात आणि गळू होते. वारंवार टोचलेल्या शिरा कडक होऊन त्यांच्यावर काळपट, लांबट वण उमटतात. लसवाहिन्या बंद पडल्या की हाताचा पंजा कायमचा सुजलेला राहतो. पेंटाझोसिन या वेदनाशामकाची इंजेक्शने नशेसाठी घेणाऱ्यांची कातडी लाकडासारखी टणक होते आणि तिथे खोल, चिवट व्रण पडतात. हे वण लपवायला ऐन मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला जातो. दवाखान्यात यायला उशीर होतो तो या लपवालपवीमुळेच. लाली पसरू लागली आणि ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २०१५ साली एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली आले. अशा उत्तेजक पदार्थांच्या नशेत कातडीखाली किडे वळवळल्याचा भास होऊ शकतो. माणूस ते नखांनी उकरून काढू पाहतो. पाठीचा मधला, हात न पोचणारा भाग तेवढा स्वच्छ असतो. कोकेनमध्ये भेसळ होणाऱ्या लेव्हामिसोल या जंतनाशकामुळे कानाच्या पाळ्या जांभळ्याकाळ्या पडतात. स्टेशनांच्या आसपास व्हाइटनर किंवा सोल्युशन हुंगणाऱ्या मुलांच्या नाकातोंडाभोवती कोरडे, लाल चट्टे दिसतात. ते सर्दीचे समजून सोडून देणे ही मोठी चूक.

नुसते गळू कापून भागत नाही; सुई सुटली नाही तर ते पुन्हा होते. शिवाय सुई वाटून घेतल्यास एचआयव्ही आणि हेपटायटिस सी यांचाही धोका असतो. घाटकोपरचे राजावाडी आणि जुहूचे कूपर ही महापालिकेची रुग्णालये उपनगरवासीयांच्या हाताशी आहेत. तिथे जखम दाखवताना नशेबद्दलही डॉक्टरांना मोकळेपणी सांगावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी मोफत आहे. पोलिसांच्या भीतीने घरचे गप्प बसतात. पण स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत, एनडीपीएस कायद्याचे कलम ६४अ खटल्यापासून संरक्षण देते. मात्र उपचार अर्धवट सोडले, तर ते संरक्षण काढून घेतले जाऊ शकते.