बहुवारिकयुक्त डांबर : मिश्रण आणि संयोग

मराठीत ‘डांबर’ हा एकच शब्द दोन भिन्न पदार्थांसाठी रूढ आहे. दगडी कोळशापासून निघते ते एक. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरते ते दुसरे, म्हणजे बिट्युमेन. आजचे डांबरी रस्ते बिट्युमेनचे असतात. अशीच गल्लत ‘डांबरात बहुवारिक मिसळणे’ या प्रयोगातही होते. कारण ‘मिसळणे’ या क्रियापदात भौतिक मिश्रण व रासायनिक संयोग यांतील भेद लोपतो. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. रस्त्याचे आयुष्य त्यावर अवलंबून असते.

बीड जिल्ह्यातील तेलगावचे उदाहरण घ्यावे. बीड-परळी व धारूर-माजलगाव हे मार्ग येथे मिळतात. साखर कारखान्यामुळे गळिताच्या हंगामात उसाने लादलेली वाहने सावकाश चालतात, थांबून राहतात. भार जितका रेंगाळतो आणि उष्णता जितकी वाढते, तितके बिट्युमेन अधिक वाहते. व्ही. जी. ३० या प्रतीच्या बिट्युमेनचा मृदुबिंदू भारतीय मानकानुसार किमान ४७° से. असावा लागतो, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग मात्र ६०° से.पर्यंत तापू शकतो. मग चाकांखालचा थर दबून खोलगट पट्टे पडतात. त्यांस बैलगाडीच्या काळापासून ‘चाकोरी’ हा नेमका शब्द आहे.

यावरील एक उपाय म्हणजे स्टायरिन-ब्युटाडाइन-स्टायरिन (एस.बी.एस.) हे बहुवारिक. याच्या लांब साखळ्यांची स्टायरिनची टोके एकत्र येऊन गाठी बनतात. मधला ब्युटाडाइनचा भाग रबराप्रमाणे ताणला जाऊन पूर्वस्थितीस येतो. बिट्युमेनमध्ये असे जाळे पसरले म्हणजे त्यास स्थितिस्थापकता लाभते. परंतु या गाठी भौतिक आहेत. तप्त टाकीत त्या सुटतात आणि हलका, बहुवारिकाने समृद्ध भाग वर तरंगू लागतो. मग एकाच टाकीतून दोन प्रकारचे डांबर रस्त्यावर जाते.

येथे रसायनाचे साहाय्य होते. अल्प गंधक घातल्यास साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात. रबराच्या व्हल्कनीकरणाचेच हे तत्त्व होय. दुसऱ्या पद्धतीत बहुवारिकावरील एपॉक्सी गट बिट्युमेनमधील अम्लगटांशी थेट बंध जोडतात. प्रमाण चुकल्यास मात्र सर्व द्रव्य जेलीसारखे घट्ट होऊन निरुपयोगी ठरते.

बंध टिकला किंवा नाही, याची कसोटी सोपी आहे. नमुना उभ्या नळीत दीर्घकाळ तप्त ठेवून गोठवितात आणि वरच्या व खालच्या भागांचे मृदुबिंदू ताडून पाहतात. आय. एस. १५४६२ या मानकात (२००४, सुधारित २०१९) ही चाचणी अंतर्भूत आहे.

तथापि या उपायाची मर्यादा ओळखली पाहिजे. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. पायाच हलला तर वरचा थर कितीही स्थितिस्थापक असला तरी फाटतोच. निचरा व भराव यांची उणीव बहुवारिक भरून काढीत नाही. म्हणून ‘बहुवारिकयुक्त’ एवढे विशेषण पुरेसे नाही. बहुवारिक केवळ मिसळले आहे की जोडले गेले आहे, आणि ते कोणत्या पायावर पसरावयाचे आहे, हे दोन्ही प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.