रोज एक जबानी

हिरा कुणी नेला हे एकदा कळलं की रहस्यकथेत उरतं काय? विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’बद्दल याचं उत्तर सरळ आहे. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. मात्र दुसऱ्यांदा ती एका दमात संपवू नये, रोज एक हप्ता घ्यावा. दादरहून चर्चगेटला धीम्या लोकलने कामावर जाणाऱ्याचा एक हप्ता जाता-येता सहज होतो.

ती आलीच होती तशी. डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात 4 जानेवारी ते 8 ऑगस्ट 1868 या काळात तिचे 32 हप्ते छापले गेले. नवा अंक निघायच्या दिवशी कचेरीबाहेर लोक ताटकळत उभे असत, अशी आठवण प्रकाशक विल्यम टिन्सले यांनी सांगितली आहे. ही ओढ आपल्याकडेही होती. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ 1890 पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत गेली आणि वाचकांनी यमूची हकिकत तिच्याच तोंडून, तुकड्यातुकड्याने ऐकली. मूळ हप्त्यांप्रमाणेच ‘मूनस्टोन’ वाचायची ठरवली, तर रोज एक धरून महिनाभराचा ऐवज होतो.

कादंबरी पत्रं, जबान्या आणि रोजनिशी यांची बनलेली आहे. 21 जून 1848 ला रेचल व्हेरिंडरचा अठरावा वाढदिवस असतो आणि त्याच रात्री तिला भेट मिळालेला हिरा नाहीसा होतो. पुढे तिचा मावसभाऊ फ्रँकलिन ब्लेक एकेकाला लिहायला बसवतो. अट एकच: स्वतः पाहिलं तेवढंच लिहायचं, मागाहून कळलेलं आत घुसडायचं नाही. मिस क्लॅक ही धर्मवेडी बाई ती अट मोडू पाहते, ब्लेक नकार देतो आणि दोघांची ती पत्रापत्रीही कादंबरीत येते. भरभर वाचणारा ती उलटून जातो. त्या दिवसाचं वाचन तिथेच थांबलं, तर प्रत्येक साक्षीदार कुठवर पाहू शकतो हे मनात ठसतं.

व्हेरिंडर घराण्याचा म्हातारा कारभारी बेटरेज तर पुन्हा वाचणाऱ्यांचा मेरुमणीच! ‘रॉबिन्सन क्रूसो’च्या सहा प्रती त्याने वाचून वाचून झिजवल्या आहेत, सातवी मालकिणीने दिली आहे. अडचण आली की पान उघडायचं आणि तिथे सल्ला शोधायचा. इतका मायाळू माणूस, पण रोझॅना स्पीअरमनच्या बाबतीत त्याला दिसूनही उमगत नाही.

रोझॅना घरातली मोलकरीण. एक खांदा वाकडा, पूर्वायुष्यात चोरीची शिक्षा. सुरुवातीलाच समुद्रकाठच्या रुतणाऱ्या वाळूपाशी ती बसलेली असते, ब्लेक अचानक येतो, तिचा चेहरा लालबुंद होतो आणि ती निघून जाते. बेटरेजला याचा अर्थ लागत नाही. पहिल्या खेपेला आपणही तिच्याकडे संशयित म्हणूनच पाहतो. तिचं लांबलचक पत्र ब्लेकच्या हाती पडतं ते तिच्या मृत्यूनंतर कितीतरी उशिरा. दुसऱ्या वाचनात ते पत्र येईपर्यंतचा रोजचा हप्ता जड जातो, कारण तिचं मन आपल्याला ठाऊक असतं आणि घरातल्या बहुतेकांना नसतं. एका रात्रीत पुस्तक संपवणाऱ्याला तिच्यासोबत इतके दिवस काढावे लागत नाहीत.

डॉक्टरचा मदतनीस एझ्रा जेनिंग्ज याची रोजनिशी जून 1849 मधली, तारीखवार आहे. महिन्याची आखणी जमवली तर ती त्या त्या तारखेलाच वाचता येते.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. पहिल्याच हप्त्यात 4 मे 1799 चं श्रीरंगपट्टण आहे. सात वर्षांपूर्वी, 1792 च्या वेढ्यात, हरिपंत फडके मराठी फौज घेऊन याच शहराबाहेर होते. 1799 च्या लुटीत कॉलिन्सचा इंग्रज अधिकारी हर्नकॅसल पहारेकऱ्यांना मारून हिरा उचलतो. म्हणजे चोर पहिल्याच दिवशी समोर उभा असतो, पण व्हेरिंडरांच्या घरात आधी संशय येतो तो हिऱ्यामागे आलेल्या तीन ब्राह्मणांचा. अखेरीस ते प्लिमथहून मुंबईला निघालेल्या जहाजावर चढतात आणि काठियावाडच्या किनाऱ्याजवळ एका होडीसह गायब होतात. शेवटचं पत्र 1850 चं, सोमनाथाच्या परिसरातलं. ते लिहिणाऱ्या मर्थवेट या प्रवाशाला हिरा पुन्हा मूर्तीच्या कपाळावर दिसतो.