‘अजून दोन वर्षं’ : परदेशातलं मराठी घर आणि मुलांचा काळ



विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस व्हिसा, शाळा आणि रविवारच्या मराठी वर्गांबद्दल काय सांगणार? पण काळ म्हणजे काय, ‘मी’पासून ‘आपण’ कसं तयार होतं, हे प्रश्न मी तीस-पस्तीस वर्षं वर्गात घेतले, आणि निवृत्तीनंतर मुलीकडे न्यू जर्सीला राहायला गेलो तेव्हा तेच प्रश्न स्वयंपाकघरात, गाडीत, शाळेच्या दारात भेटले. व्हिजिटर व्हिसावर गेलं की साधारण सहा महिने राहू देतात. आजोबांना तेवढ्यात बरंच दिसतं, कारण त्यांना दुसरं काम नसतं. तर आज मी अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या मराठी घरांपुरतंच बोलणार आहे.

या घरांत एक वाक्य सारखं कानावर पडतं. ‘अजून दोन वर्षं बघू, मग ठरवू.’ मूल दोन वर्षांचं असताना हे वाक्य ऐकलेलं असतं, ते आठ वर्षांचं झालं तरी तेच. आपण इथे बसून म्हणतो, यांचं काही नक्की नाही. पण हे बोलणारी माणसं चंचल नसतात. त्यांना काळच तुकड्यातुकड्यांनी मिळालेला असतो. बघा ना, एच-वन-बी व्हिसा आधी तीन वर्षांचा, वाढवून सहा. ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल तर पुढेही तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत; तेवढ्यात दुसरी मिळवा नाहीतर सामान आवरा. आणि ग्रीन कार्ड म्हणाल, तर नोकरीच्या वाटेनं वर्षाला सुमारे १,४०,००० कार्डं असतात, त्यांत बायकामुलंही मोजली जातात, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून अधिक जात नाहीत. आइसलंडला जी मर्यादा तीच भारताला! त्यामुळे आपल्या लोकांची रांग दशकांची होते. रांगेतल्या माणसाला ‘पुढचं पुढे’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. सोफा चांगला घ्यायचा की कामचलाऊ, घर विकत घ्यायचं की भाड्यानं राहायचं, पुण्यातला फ्लॅट विकायचा की ठेवायचा, सगळं दोन वर्षांच्या मापात.

आता माझा मुद्दा. मोठ्या माणसाला असं तात्पुरतं जगता येतं, कारण त्याचं कायमचं काहीतरी आधी घडून गेलेलं असतं. त्याची शाळा, त्याची भाषा, त्याचे मित्र जागेवर आहेत. मुलाचं तसं नाही. मुलाला तात्पुरतं बालपण नसतं. आई-बाबा ज्या काळाला ‘मधली दोन वर्षं’ म्हणतात, त्याच काळात मूल बोलायला शिकतं, त्याला पहिला मित्र मिळतो, बर्फात पहिल्यांदा घसरून पडतं. म्हणजे एकाच घरात दोन वेगळे काळ चालू असतात. एक थांबलेला, वाट बघणारा. दुसरा भरभर पुढे जाणारा. आणि ‘मग ठरवू’ म्हणून जे पुढे ढकललं जातं, ते मुलाच्या बाबतीत ठरून गेलेलं असतं. आपण फक्त ते उशिरा वाचतो.

हे नुसतं मानसशास्त्र नाही, कायद्यातही आहे. आमच्या माहितीतल्या एका घराचं सांगतो. थोरली मुलगी तीन वर्षांची असताना आई-बाबांबरोबर गेली. धाकटा तिथे जन्मला, म्हणून १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे जन्मापासून अमेरिकेचा नागरिक. (तात्पुरत्या व्हिसावरच्या आई-बापांच्या मुलांच्या याच हक्काला जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्षांच्या आदेशानं हात घातला आणि प्रकरण न्यायालयांत गेलं, ते तुम्ही वाचलं असेलच.) थोरली मात्र बापाच्या व्हिसावर अवलंबून. तिला शाळा-कॉलेज शिकता येतं, पण मैत्रिणी उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात चार पैसे कमावतात तेव्हा ही घरी, कारण तिला काम करण्याची परवानगी नाही. आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की ‘मूल’ म्हणून तिचा हक्क संपतो. मग स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढायचा, नाहीतर जिथे ती तीन वर्षांपर्यंत राहिली त्या देशात ‘परत’ जायचं. २००२ च्या एका कायद्यानं वयाच्या हिशेबात थोडी सूट दिलेली आहे. रांग दशकांची असेल तर ती पुरत नाही. एका टेबलावर जेवणारी सख्खी भावंडं, आणि दोघांचं उद्या वेगवेगळं. त्या घरात मुलीचा अठरावा वाढदिवस झाला तेव्हा केक कापताना आईचे डोळे का भरून आले, हे तिथल्या शेजाऱ्यांना कळलं नाही.

इथे मला ॲरिस्टॉटल आठवतो. माफ करा, सवय आहे. राज्यशास्त्रावरच्या त्याच्या ग्रंथात ‘नागरिक कोण?’ हा प्रश्न येतो, आणि तो म्हणतो की एखाद्या ठिकाणी नुसतं राहिल्यानं कुणी नागरिक होत नाही. हे लिहिणारा स्वतः अथेन्सचा नव्हता. तो स्टॅगिराचा. अथेन्समध्ये आयुष्याची कितीतरी वर्षं राहिला, शिकला, शिकवलं, पण तिथला ‘मेटिक’, म्हणजे रहिवासी परका. मेटिकनं कर भरायचा, मत द्यायचं नाही, खास परवानगीशिवाय जमीन घ्यायची नाही. आपल्याकडच्या ओसीआय कार्डाशी ताडून बघा. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. २००५ पासून परदेशी पासपोर्ट असलेल्या आपल्या माणसांना ते कार्ड मिळतं. येता-जाता येतं, राहता येतं. मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे बाप तिथे मेटिक आणि तिथे जन्मलेला मुलगा इथे मेटिक! आखातात निदान एक गोष्ट स्पष्ट असते. दुबईत मूल जन्मलं म्हणून तिथलं नागरिकत्व मिळत नाही, सगळ्यांना माहीत असतं की जायचंय, आणि भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळाही मिळतात. अमेरिकेची पंचाईत ही की दार बंद नाही आणि उघडंही नाही.

आता भाषेकडे येतो. मुलांशी घरात काय बोलायचं, यावर मी तिथे जितके वाद ऐकले तितके पैशांवरही नाहीत ऐकले.

मराठीत एक गंमत आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन शब्द आपल्याकडे वेगळे आहेत. ‘आम्ही जेवायला चाललोय’ म्हटलं तर समोरचा वगळला. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं तर तो आत आला. तेलुगूत, तमिळमध्ये असा भेद आहे. इंग्रजीत नाही, जर्मनमध्ये नाही, प्रमाण हिंदीतही नाही. तिथे सगळ्याला एकच ‘वी’. इंग्रजीत वाढणाऱ्या मुलाला हे दार आहे हेच कळत नाही, आणि व्याकरण म्हणून शिकवलं तर कळत नाही ते नाहीच.

पण आई-बाबा हा ‘आपण’ कसा वापरतात ते ऐका. ‘आपल्याकडे असं मोठ्यांना उलटून बोलत नाहीत.’ ‘आपल्याकडे मित्राकडे रात्री झोपायला जात नाहीत.’ हे एडिसनमध्ये बसून, तिथे जन्मलेल्या मुलाला! शब्द मुलाला आत घेणारा, आणि ज्या जागेबद्दल आहे ती जागा त्यानं सुट्टीतल्या तीन आठवड्यांपलीकडे पाहिलेली नाही. शिवाय हा ‘आपल्याकडे’ बहुधा नकार देण्यासाठीच येतो. मूल हुशार असतं. त्याच्या लक्षात येतं की मराठी ही ‘नाही’ म्हणायची भाषा आहे आणि इंग्रजी ही ‘चला’ म्हणायची. मग ते उत्तर इंग्रजीत द्यायला लागतं. आपण म्हणतो, शाळेचा परिणाम. शाळेचा आहेच, पण सगळाच नाही.

मराठी शाळा चालवणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली तिथे गावोगावी शाळा भरतात, आई-बापच आठवड्याची नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी शिकवतात. पण आठवड्याला दीड-दोन तासांत काय होणार ते त्यांनाही माहीत आहे. जोशुआ फिशमन नावाचे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले, स्वतः यिडिश बोलणाऱ्या घरातले. ओसरणाऱ्या भाषा परत कशा उभ्या करायच्या यावर त्यांचं १९९१ चं पुस्तक आहे. त्यांचं सांगणं थोडक्यात असं की आई-बापांकडून मुलांकडे घरात, शेजारात भाषा जात नसेल, तर शाळा आणि सरकार यांनी वरून कितीही जोर लावला तरी ती टिकत नाही. स्थलांतरितांच्या घरांत सर्वसाधारणपणे तिसऱ्या पिढीत जुनी भाषा जाते. पहिली बोलते, दुसरीला समजते, तिसरीला आजीचा फोटो दिसतो.

घरात ती कशी टिकते याची एक खूण सांगतो. काही घरांत मुलगा ‘मी येते’, ‘मी करते’ असं बोलतो. पाहुणे हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. त्यानं मराठी फक्त आईच्या तोंडून ऐकलेली असते, म्हणून क्रियापद आईचं आलं. बाबा घरात मराठी बोलतच नाहीत, हे त्या एका ‘येते’वरून कळतं. ‘आजोबा, तू खाली बस’ हेही तसंच. ते उद्धटपण नाही. ‘अहो’ म्हणणारं दुसरं कुणी त्याच्या कानावरच पडत नाही. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींची एक ‘आंटी’ होते, कारण त्या चौघी एका खोलीत कधी भेटलेल्याच नसतात.

दोन भाषांमुळे मूल गोंधळतं, बोलायला उशीर लागतो, म्हणून घरात इंग्रजीच बोला, असा सल्ला अजूनही काही जण देतात. भाषाशास्त्रानं ही समजूत केव्हाच बाजूला ठेवली आहे. त्या भीतीपायी मराठी सोडू नका.

परतण्याबद्दल थोडंच बोलतो, कारण तो ज्याचा त्याचा निर्णय. फक्त ‘परत’ हा शब्द जपून वापरा. आई-बाबा परत येतात. मूल परत येत नाही, ते परदेशी जातं. तो परदेश म्हणजे पुणे. त्याच्या बापाला २००८ साली विमानतळावर जे वाटलं होतं, तेच त्याला आता कोथरूडच्या शाळेत वाटणार आहे. हे मान्य करून आणलेली मुलं लवकर रुळतात असं मी पाहिलंय. ‘आता आपल्या घरी आलो, आता कसला त्रास’ असं ज्यांना सांगितलं गेलं, त्यांना त्रास सांगायला जागाच उरत नाही.

एक-दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली एका आईची आहे. ‘मुलगी नऊ वर्षांची, सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. आता उशीर झाला का?’

नाही, उशीर झालेला नाही. पण ‘मराठीत बोल’ असं फर्मावू नका, त्यानं ती गप्प होईल. तिच्याशी मराठीत एखादं काम करा, जे तिला आवडतं. आमच्या नातीनं आजीबरोबर पुरणपोळ्या केल्या तेव्हा ‘सारण’, ‘कणीक’, ‘सैल’, ‘चिकटलं’ हे शब्द एका दुपारीत आले, कारण ‘सैल’ला तिच्याकडे इंग्रजी शब्दच नव्हता. आणि मराठीत ‘नाही’ म्हणता तितक्या वेळा ‘चल, जाऊ’सुद्धा मराठीतच म्हणा.

दुसरी चिठ्ठी आजोबांची. ‘व्हिडिओ कॉलवर नातू दोन मिनिटांत पळतो, काय बोलावं?’ तुम्ही ‘जेवलास का, अभ्यास झाला का’ विचारत असाल. आम्हीही तेच विचारतो, पण त्याला त्यात काय गंमत? त्यांच्याकडे रविवारी सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा असतात, हिवाळ्यात साडेसात. तेव्हा फोन घेऊन गच्चीवर जा, त्याला खालचा रस्ता दाखवा, भाजीवाला दाखवा, आणि तिकडे खिडकीतून काय दिसतं ते त्याला दाखवायला सांगा. तो इंग्रजीत सांगेल. तुम्ही मराठीत विचारत राहा.