दिवाणखान्यातील समुद्र

मे महिन्याच्या सुटीत मालवणला जाऊन आलेली दिल्लीकर मराठी मुले सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात डोके बुडवून पाहिलेल्या रंगीत माशांच्या आणि प्रवाळांच्या गोष्टी घेऊन परततात. मग घरात हट्ट सुरू होतो की असा समुद्र आपल्याकडे का असू नये? हौस वाईट नाही. मुंबईस १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडेच होता; दिल्लीत तो घरी तयार करावा लागतो. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात मत्स्यालयाचे खास मीठ विरघळवले म्हणजे खारेपणा साधतो. लाट मात्र मिठाच्या पुडीत मिळत नाही. ती पंपानेच निर्माण करावी लागते, आणि बहुतेकांची फसगत येथेच होते.

प्रवाळ हा जागचा न हलणारा प्राणी आहे. त्याला अन्न आणि प्राणवायू वाहत्या पाण्यानेच पोहोचतात. त्याने टाकलेला बुळबुळीत मळही पाण्यानेच धुऊन जातो. प्रवाह थांबला की त्याच्या अंगालगत शिळ्या पाण्याचा पातळ थर साचतो आणि तो जणू आपल्याच श्वासात कोंडला जातो. परंतु एकाच दिशेने सतत मारलेला झोतही त्याला सोसत नाही. समोरच्या बाजूचे मांस सोलून निघते. समुद्रातील पाणी येते, वळते, मागे फिरते. म्हणून एका जोरदार पंपापेक्षा समोरासमोर बसवलेले, आळीपाळीने चालणारे दोन लहान पंप केव्हाही बरे.

पंप घेण्यापूर्वी पेटीत काय ठेवायचे ते ठरवावे. पोवळे आपल्याकडे मंगळसूत्रात ओवतात, त्यामुळे प्रवाळ ही बाजारात मिळणारी साधी वस्तू वाटते. वस्तुतः कठीण सांगाड्याची सर्व प्रवाळे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. किनाऱ्यावरून उचलून आणलेला तुकडा घरी ठेवणे हा गुन्हा ठरतो. तेव्हा कृत्रिम खडक, विदूषक मासे आणि कायद्याची आडकाठी नसलेले मऊ अंगाचे जीव यांवरच समाधान मानावे, आणि विक्रेत्याकडून कागदपत्रे मागण्यास संकोच करू नये.

अशा मऊ जीवांसाठी तासाभरात पेटीतील पाणी दहा ते वीस वेळा फिरेल इतका प्रवाह पुरतो. २०० लिटरांच्या पेटीस याचा अर्थ ताशी दोन ते चार हजार लिटर. पेटीखाली गाळणीची टाकी असेल तर पाणी वर चढवणारा पंप वेगळा घ्यावा लागतो. त्याच्या खोक्यावरील आकडा पाणी मुळीच वर न चढवता मोजलेला असतो. पाणी मीटरभर चढवायचे झाले की तो बराच घटतो, म्हणून माहितीपत्रकातील उंचीचा तक्ता पाहूनच निवड करावी. घरात पडलेला कुलरचा पंप वापरण्याचा मोह अनेकांना होतो. तो गोड्या पाण्यासाठी असतो. त्याचा एखादा तांब्या-पितळेचा भाग खाऱ्या पाण्यात झिजला तर ते तांबे बिनकण्याच्या जीवांना विषासमान आहे.

दिल्लीत आणखी एक हिशेब करावा लागतो. पाण्यात बुडालेला पंप जितकी वीज खातो, तितकी सारी अखेर उष्णता होऊन पाण्यातच उतरते. २० वॉटचा पंप २०० लिटर पाणी दिवसभरात सुमारे दोन अंशांनी तापवू शकतो. ती उष्णता बाहेर गेली नाही तर. प्रवाळांना साधारण २४ ते २७ अंश मानवतात, आणि समुद्रातही नेहमीच्या उन्हाळी उच्चांकाहून एखादा अंश अधिक उष्मा काही आठवडे टिकला तरी त्यांचा रंग उडतो. म्हणून पंप निवडताना किती लिटर याच्या जोडीला किती वॉट हेही विचारावे. पृष्ठभागावर लहान पंखा सोडला तर मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाणी चांगले निवते; जुलैच्या दमट हवेत, कुलरप्रमाणेच, त्याचा उपयोग थोडा. उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने करावी, कारण मीठ पेटीतच राहते.

जूनच्या एका रात्री आमच्या एका स्नेह्यांकडे वीज गेली. तासाभरात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले. गृहिणीने स्वयंपाकघरातील लोटा धुऊन घेतला आणि पेटीतलेच पाणी उंचावरून पुन्हा पेटीत ओतत ती पहाटेपर्यंत बसली. मासे वाचले. पाण्यात प्राणवायू प्रामुख्याने पृष्ठभागावरून शिरतो आणि तापलेल्या पाण्यात तो कमीच मावतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. पुढच्याच आठवड्यात त्यांनी बॅटरीवरही चालणारा २४ व्होल्टचा पंप आणला आणि त्याचे तोंड असे वळवले की पृष्ठभाग सतत थरथरत राहील.

ज्या घरात मुले आहेत तेथे विजेच्या फलकावर ३० मिलिॲम्पियरचा गळतीरोधक स्विच बसवल्याशिवाय पंप चालू करू नये. वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे खारे पाणी खाली टपकते, सॉकेटात शिरत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी पंप काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी मिसळून भिजत घालावा, आतल्या पंख्यावरील चुन्याचा थर जुन्या दात घासण्याच्या ब्रशने सोडवावा, आणि पंप स्वच्छ पाण्याने धुऊन मगच पेटीत ठेवावा.