कानातून येणारा आवाज

थॉमस गोल्ड हे नाव मराठी वाचकाला भेटलं असेल तर बहुधा डॉ. जयंत नारळीकरांच्या लेखनात. फ्रेड हॉइल आणि हर्मन बाँडी यांच्याबरोबर १९४८ साली विश्वाचा स्थिरस्थिती सिद्धांत मांडणारा हा तिसरा भिडू. त्याच वर्षी गोल्डने आणखी एक निबंध प्रसिद्ध केला, तो कानावर. विश्वाबद्दलचा त्याचा सिद्धांत पुढे मागे पडला. कानाबद्दलचं म्हणणं मात्र तीस वर्षांनी खरं निघालं, आणि आज प्रसूतिगृहात दोन दिवसांच्या बाळाच्या कानात जी छोटी नळी घालतात, ती त्याच म्हणण्यावर चालते.

गोल्डचा मुद्दा असा होता. आतल्या कानात कॉक्लिया नावाची वेटोळी नळी असते आणि ती द्रवाने भरलेली असते. द्रवात कुठलंही कंपन लगेच विरून जातं. तरीही आपला कान अगदी जवळजवळचे दोन सूर वेगळे ओळखतो, कुजबुजही टिपतो. हे साधायचं तर कानाने बाहेरून आलेल्या कंपनात स्वतःची ऊर्जा ओतली पाहिजे. युद्धकाळात गोल्डने रडारवर काम केलं होतं, त्यामुळे बाहेर पडलेल्या संदेशाचा काही भाग परत आत सोडून तो मोठा करायची युक्ती त्याच्या परिचयाची होती. या युक्तीचा एक दुर्गुणही त्याला ठाऊक होता. लग्नाच्या हॉलमध्ये माईक स्पीकरसमोर आला की जो किंचाळतो, तो याच फेऱ्यामुळे. मग कानातूनही कधीतरी आवाज बाहेर यायला हवा! गोल्डने मायक्रोफोन लावून तो ऐकायचा प्रयत्नही केला, पण तेव्हाच्या उपकरणांना तो सापडला नाही.

त्या काळी कानाच्या अभ्यासातला अधिकारी माणूस म्हणजे गेऑर्ग फॉन बेकेशी. त्यांना पुढे १९६१ मध्ये नोबेल मिळालं. कॉक्लियातल्या पडद्यावरून लाट कशी सरकते हे त्यांनी दाखवलं होतं, मात्र ते बहुतांशी मृतदेहांच्या कानांत. जी ऊर्जा गोल्ड शोधत होता ती जिवंत पेशींची होती, त्यामुळे मेलेल्या कानात ती दिसणार तरी कशी? १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानात एक बारीक ‘टिक्’ सोडला आणि आत बसवलेल्या संवेदनशील मायक्रोफोनने पुढचे काही मिलिसेकंद टिपले. टिक् संपल्यावर कानातून एक क्षीण आवाज परत आला. बहिऱ्या कानातून तो आला नाही.

हा आवाज बाह्य केशपेशींचा. एका कानात त्या सुमारे बारा हजार असतात, तीन रांगांत उभ्या. आवाजाच्या तालावर त्या लांब-आखूड होतात आणि कंपनाला जोर देतात. विल्यम ब्राउनेल यांनी १९८५ मध्ये ही हालचाल दाखवली, आणि ती घडवणारं प्रेस्टिन नावाचं प्रथिन २००० साली सापडलं. मेंदूकडे निरोप धाडायचं काम दुसऱ्याच पेशींचं, आतल्या केशपेशींचं. त्या जेमतेम साडेतीन हजार. या कामवाटपाला पुढे महत्त्व येणार आहे.

तान्ह्या बाळाला ‘ऐकू येतंय का?’ असं विचारता येत नाही, हीच आधीच्या सगळ्या तपासण्यांची अडचण होती. अमेरिकेत डेन्व्हरच्या मॅरियन डाउन्स यांनी साठच्या दशकात हजारो नवजात बाळांजवळ आवाज करून त्यांचं दचकणं, डोळे मिटणं नोंदवून पाहिलं. पण एकाच बाळाकडे पाहणाऱ्या दोघांचं एकमत होईना. शेवटी, ही पद्धत सरसकट वापरण्याजोगी नाही, असं त्याच सांगू लागल्या. आपल्याकडे आजी थाळी वाजवते किंवा मागून टाळी देते, तेही याच जातीचं. टाळीचा वारा लागतो, थाळीचा हादरा पलंगातून पोचतो, कोपऱ्यातून सावली हलते, आणि बाळ वळतं. काही बाळांना ढोबळ, खालच्या पट्टीतले आवाज ऐकूही येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक ध्वनी निसटून जातात. थाळीच्या परीक्षेत असं मूल पहिल्या नंबराने पास होतं.

त्यात बहिरं मूल पहिले काही महिने इतर मुलांसारखंच हुंकारतं, हसतं, रडतं. ‘बाबा’, ‘दादा’ अशी सुटी अक्षरं जोडून बडबड सुरू व्हायची वेळ साधारण सातव्या महिन्यापासून येते, तेव्हा कुठे फरक पडायला लागतो. तोही घरात लगेच कळत नाही. ‘याचा काका तर तीन वर्षांपर्यंत बोलत नव्हता’ हे वाक्य प्रत्येक कुटुंबात तयार असतं. कानाच्या डॉक्टरपर्यंत मूल पोचतं तेव्हा दुसरा, कधी तिसरा वाढदिवस होऊन गेलेला असतो.

यंत्राची तपासणी त्यामानाने फारच सोपी आहे. बाळ दूध पिऊन झोपलं की कानात मऊ टोकाची नळी बसवायची. तिच्यात एक स्पीकर आणि एक मायक्रोफोन असतो. टिक्-टिक् सोडायचे, परतीचा आवाज टिपायचा. दुखत नाही, टोचत नाही, काही मिनिटांत पडद्यावर ‘पास’ किंवा ‘रेफर’ (म्हणजे पुन्हा तपासा) येतं. दवाखान्यात हिला ओएई म्हणतात. जन्मल्यावर पहिल्या दिवशी कानात गर्भजल आणि पांढरा चिकट थर असतो, त्यामुळे घाईने केलेल्या तपासणीत उगाचच ‘रेफर’ येतं. म्हणून ती डिस्चार्जच्या आधी, जमेल तितक्या उशिरा करावी.

पण ही तपासणी फक्त बाह्य केशपेशींची साक्ष घेते. त्या ठणठणीत आहेत आणि पुढे आतल्या केशपेशींपासून मेंदूपर्यंतचा रस्ताच बिघडला आहे, असंही होतं. खूप वाढलेली कावीळ, जन्मताना प्राणवायू कमी पडणं, फार आधी झालेला जन्म यांत हे विशेष घडतं. असं बाळ ओएईमध्ये पास होईल आणि तरी त्याला बोलणं समजणार नाही. म्हणून नवजात अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत, राहिलेल्या बाळाची ‘बेरा’ तपासणी करायची. त्यात कपाळावर आणि कानामागे चिकटपट्ट्या लावून आवाजाला मेंदूच्या देठाने दिलेला विजेचा सूक्ष्म प्रतिसाद मोजतात. या तत्त्वावरचं ‘सोहम’ नावाचं भारतीय यंत्र बेंगळुरूच्या एका नवउद्योगाने बनवलं आणि २०१७ मध्ये ते बाजारात आलं.

मग एनआयसीयूतल्या बाळांचीच तपासणी का करू नये? कारण जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांत धोक्याचं एकही चिन्ह नसतं. ‘आमच्यात कोणी बहिरं नाही’ हे आईवडील खरंच सांगत असतात. जन्मजात बहिरेपणाशी जोडलेलं कनेक्सिन २६ चं जनुक १९९७ मध्ये ओळखलं गेलं. त्याची एकेक सदोष प्रत आई आणि वडील दोघांकडे असू शकते, आणि दोघांनाही उत्तम ऐकू येत असतं. दोन्ही सदोष प्रती एकत्र आलेल्या मुलाला मात्र ऐकू येत नाही. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत जिथे आहे तिथे ही गाठ पडायची शक्यता वाढते.

हजार बाळांमागे एक ते तीन जणांना जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असतो. भारतात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात, म्हणजे ही संख्या काही दहा हजारांत जाते.

घाई कशासाठी, याचं उत्तर कानात नाही, मेंदूत आहे. कॅनडात व्हँकुव्हरला जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये एक गंमतशीर प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. बाळांना फरक कळला! त्यांच्या आईवडिलांना तो सहजी कळत नाही, हे साहेबाच्या तोंडून ‘पुणतांबा’ ऐकलेल्या कुणालाही पटेल. वर्षाची होत आलेली तशीच बाळं मात्र तो फरक विसरली होती. मेंदू पहिल्याच वर्षात कामाचे ध्वनी ठेवतो, बिनकामाचे टाकून देतो. ज्या मेंदूपर्यंत काहीच पोचत नाही, तिथे ठेवायला काय उरणार?

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी कमी ऐकू येणाऱ्या १५० मुलांची भाषा तपासली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळला होता त्यांची भाषा, उशिरा कळलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मूल बोलून संवाद साधतं की खुणांनी, याने त्या निष्कर्षात फरक पडला नाही. भाषा वेळेवर मिळाली की नाही, एवढंच मोजलं गेलं. मॉन्ट्रियलमध्ये लॉरा अ‍ॅन पेटिटो यांना तर खुणांची भाषा पाहत वाढणारी बहिरी बाळं हातांनी बडबडताना दिसली होती. आपल्याकडे श्रवणयंत्र आणि कॉक्लियर इम्प्लांट यांचा विचार होतो आणि व्हायलाच हवा. पण इम्प्लांटच्या रांगेत थांबलेल्या मुलाशी ‘तोवर खुणा करू नका, नाहीतर बोलणार नाही’ म्हणून कुणीच काही बोलत नाही, आणि ते महिने फुकट जातात. तपासणी नवजात वयात करायची ती यासाठी, की मूल भाषेविना एक दिवसही राहू नये.

म्हणून जगभर एक हिशेब रूढ आहे: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू. आपल्याकडे बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून आहे. बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ च्या फेब्रुवारीत, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्येच सुरू झाला, आणि जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत आहे. गरजू मुलांना इम्प्लांट देणाऱ्या केंद्राच्या योजनेची सूत्रं वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे आहेत. यंत्र, योजना, संस्था, सगळं आहे. गळती होते ती पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीच्या मध्ये.

समजा हजार बाळं तपासली आणि चाळीस जणांचं ‘रेफर’ आलं. त्यांतल्या दोघा-तिघांनाच खरा दोष असेल. बाकीच्यांच्या कानात नुसता मळ किंवा द्रव. त्यामुळे नर्स सांगते, ‘घाबरू नका, बहुतेक काही नसतं.’ हे खरंच असतं, पण घरचे त्याचा अर्थ ‘परत यायची गरज नाही’ असा घेतात. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळ साताऱ्याला जन्मतं, बारशाला आत्या कानात ‘कुर्र्र’ करते, आणि पुढे केव्हातरी आई बाळाला घेऊन सासरी, पनवेलला किंवा नांदेडला जाते. साताऱ्याच्या फाइलमधल्या ‘रेफर’चा पनवेलच्या डॉक्टरला पत्ता नसतो.

केरळात कोचीच्या बालरोगतज्ज्ञांनी २००३ पासून यावर साधा तोडगा चालवला आहे. प्रत्येक दवाखान्याने यंत्र घ्यायच्या ऐवजी एकच यंत्र आणि एक प्रशिक्षित व्यक्ती ठरलेल्या दिवशी निरनिराळ्या दवाखान्यांत फिरते. ‘रेफर’ आलेल्या बाळाची दुसरी तपासणी दीड महिन्याच्या लसीबरोबर होते, कारण लस टोचायला बाळ येतंच. तिथेही अडलं तर बेरा. आपल्याकडे हे करताना एक भर घालावी लागेल: ‘रेफर’ हा शेरा दवाखान्याच्या फाइलमध्ये न ठेवता बाळाच्या लसीकरण कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहायचा, आणि फोन नंबर दोन घ्यायचे, एक माहेरचा आणि एक सासरचा.