चोर दिसला, पुढे काय?

२०२५च्या ऑगस्टमध्ये इंदूरच्या एका निवृत्त न्यायमूर्तींच्या बंगल्यातलं फुटेज देशभर मोबाइलवर फिरलं. तोंडं झाकलेले चोर खोलीत शिरतात. पलंगावर घरातला मुलगा गाढ झोपलेला. एक जण हातात रॉड घेऊन त्याच्याजवळ उभा राहतो. तो जागा झालाच तर काय होणार, हे वेगळं सांगायला नको. दुसरा कपाट उघडतो. चारेक मिनिटांत ऐवज घेऊन सगळे पसार. कॅमेऱ्याने सगळं टिपलं. थांबवलं मात्र काहीच नाही.

इंदुरात कॅमेऱ्यांचा तुटवडा आहे असंही नाही. शहरांतले कॅमेरे मोजणाऱ्या कंपॅरिटेक या संस्थेच्या अंदाजात हजार माणसांमागे साठेक कॅमेरे असलेलं इंदूर चीनबाहेरच्या शहरांत अगदी वर आहे. घरोघरच्या कॅमेऱ्यांचीही भर पडते आहेच. जेल रोडच्या बाजारात चार कॅमेऱ्यांचा सेट घ्यायला गेलं की दुकानदार ठरलेलं वाक्य टाकतो, ‘टेन्शन मत लो भाईसाब, पूरा घर कवर हो जाएगा.’ घर ‘कवर’ होतं, पण त्यातून नेमकं काय मिळतं याविषयी बरेच गैरसमज आहेत.

‘कॅमेरा दिसला की चोर फिरकत नाही’

काही चोर फिरकत नाहीत, हे खरं. सार्वजनिक ठिकाणच्या कॅमेऱ्यांवर चाळीस वर्षांत झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी आढळले. पार्किंगच्या जागांत ही घट ३७ टक्के होती. हिंसक गुन्ह्यांवर मात्र दखल घ्यावी असा परिणाम दिसला नाही. हे आकडे रस्त्यांचे आणि वाहनतळांचे आहेत, बंगल्यांचे नव्हेत. पण कल लक्षात येतो. दारातली सायकल, कुरिअरवाला ठेवून गेलेलं पार्सल, गाडीतलं पेट्रोल असल्या हाताला लागेल ते उचलणाऱ्या भुरट्यांना कॅमेऱ्याचा धाक वाटतो. आधी टेहळणी करून, तोंडाला फडकं बांधून येणाऱ्या टोळीला तो वाटत नाही. तिच्यासाठी खिडकीची भक्कम जाळी आणि दाराचा आतला अडसर जास्त कामाचा. कॅमेऱ्याचा दुकानदार हे सुचवणार नाही, कारण ते त्याच्याकडे मिळत नाही.

‘आला तरी चेहरा तर ओळखू येईल’

इथे जरा हिशेब करू या. अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायची तर चित्रात दर मीटरला २५० ठिपके, म्हणजेच पिक्सेल, पडावेत असा आंतरराष्ट्रीय मानकाचा निकष आहे. घरगुती दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० ठिपके असतात. २.८ मिलिमीटरचं भिंग ‘सगळं अंगण दिसतं’ म्हणून सर्रास बसवलं जातं, आणि तिथेच घोटाळा होतो. ते इतकं रुंद पाहतं की तीन मीटर अंतरावर, म्हणजे जेमतेम दहा फुटांवर, ठिपक्यांची ही पुंजी संपते. फाटक तीस फुटांवर असेल तर तिथे उभ्या माणसाच्या चेहऱ्याच्या रुंदीला जेमतेम बारा-तेरा ठिपके येतात. माणूस आहे, उंच आहे, निळा शर्ट आहे, एवढं कळतं. कोण आहे, ते नाही.

त्यात कॅमेरा छताला टेकवून बसवलेला असतो, कारण खाली ठेवला तर चोर तोडेल ही भीती. वरून दिसते ती टोपी आणि टाळू. रात्रीची आणखी तऱ्हा. कॅमेऱ्यातल्या इन्फ्रारेड दिव्यांपाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि जाळ्याचा एखादा धागा भिंगासमोर लोंबला की चित्रभर पांढरा फराटा. गाडीची नंबर प्लेट हा इन्फ्रारेड प्रकाश थेट परतवते, त्यामुळे नंबराच्या जागी नुसता लख्ख चौकोन उरतो. म्हणून अंगणभर पाहणारे चार कॅमेरे बसवण्यापेक्षा, दारासमोर डोक्याच्या उंचीहून थोडा वर असा एकच कॅमेरा आणि दारावर एक साधा दिवा, यातून हाती जास्त लागतं.

‘रेकॉर्डिंग तर महिनाभर राहतंच’

डिस्क किती मोठी, यावर ते अवलंबून. एका कॅमेऱ्याने सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने अखंड चित्रण केलं तर दिवसाला साधारण साडेएकवीस जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांचे झाले ८६. सेटबरोबर आलेली एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं चढत जातं. उन्हाळ्याच्या सुट्टीत वीस दिवस मुलाकडे पुण्याला गेलेलं रामबागेतलं कुटुंब परत येऊन पाहतं तेव्हा दुसऱ्याच रात्री झालेल्या चोरीचं चित्रण पुसलेलं असू शकतं. वीज गेली आणि चित्रण साठवणारं यंत्र, म्हणजे डीव्हीआर, इन्व्हर्टरवर नसेल, तर तेवढा काळ कोराच. आणि हा डीव्हीआर असतो कुठे? बहुतेक घरांत टीव्हीच्या खाली, दिवे लुकलुकत. जाताजाता चोर तो काखेत मारून नेतात.

‘फुटेज आहे ना, कोर्टात झालंच काम’

या बाबतीत जालन्याचा खटला आठवावा. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकरांचे उमेदवारी अर्ज मुदत उलटल्यावर घेतले गेले, असा कैलास गोरंट्याल यांचा आरोप होता, आणि त्यांचा भर होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावर. खटला चित्रणाइतकाच त्यासोबत लागणाऱ्या, प्रतीच्या खरेपणाची ग्वाही देणाऱ्या प्रमाणपत्रावर गाजला. मागूनही ते प्रमाणपत्र गोरंट्याल यांना मिळालं नव्हतं. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३मध्ये हीच अट अधिक बारकाईने आली आहे: फाइलचं हॅश मूल्य (फाइलचा जणू बोटाचा ठसा), उपकरण सांभाळणाऱ्याची सही, तज्ज्ञाचीही सही.

घरमालकाच्या लेखी याचा अर्थ सोपा आहे. टीव्हीच्या पडद्यावरून मोबाइलने काढलेली क्लिप ग्रुपवर फिरवायला ठीक, पुरावा म्हणून लंगडी. मूळ डीव्हीआर बंद करून जसाच्या तसा पोलिसांच्या हवाली करणं उत्तम. घड्याळ बरोबर आहे का, तेही अधूनमधून पाहावं. आतला सेल संपलेला डीव्हीआर कुठल्या तरी भलत्याच सालातली तारीख दाखवत बसतो, आणि वकिलाला तेवढं पुरतं.

‘घर माझं, कॅमेरा माझा’

कोलकात्यातल्या एकाच वास्तूत राहणाऱ्या दोन भावांचा वाद उच्च न्यायालयात गेला. सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवणं हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे, असा निकाल २०२५च्या फेब्रुवारीत लागला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ सालीच सांगून ठेवलं आहे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा निव्वळ घरगुती वापराला वगळतो, हे खरं. पण म्हणून शेजारणीच्या न्हाणीघराच्या खिडकीकडे भिंग वळवायची मुभा मिळत नाही. त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई आणि भारतीय न्याय संहितेतलं कलम ७७ आहेच. इंदूरच्या जुन्या गल्ल्यांत एकाची गॅलरी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावते. तिथे ॲपमधली ‘प्रायव्हसी मास्क’ची सोय वापरून चित्राचा तेवढा भाग काळा करता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, आणि बरीच भांडणं त्यात मिटतात.

‘माझ्या घरात बघण्यासारखं आहे काय?’

राजकोटच्या एका प्रसूतिगृहात तपासणीसाठी आलेल्या महिलांचं चित्रण २०२५च्या फेब्रुवारीत विक्रीला निघालेलं आढळलं. कॅमेरे रुग्णालयाचेच, आत शिरणारे बाहेरचे. २०१६च्या ‘मिराय’ प्रकरणात तर जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदलल्यामुळे हल्लेखोरांच्या हाती गेले होते. भारतात एप्रिल २०२५पासून नव्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची आहे. पण बसवणारा पोरगा ‘१२३४५६’ टाकून निघून गेला असेल, तर ती चाचणी काय कामाची?

एवढं सगळं असूनही कॅमेरा निरुपयोगी नाही. हरवलेल्या अंगठीचा आळ कामवाल्या बाईंवर येतो तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणारं दुसरं कोणी नसतं. आणि सुदामानगरात एकट्या राहणाऱ्या सत्तरीतल्या आईचा मुलगा बंगळुरूत असेल, तर हॉलमधल्या कॅमेऱ्यावर ती सकाळी उठून चहा घेताना दिसणं त्याला मोलाचं वाटतं. फक्त ‘आई, आज गोळी नाही घेतलीस, बघितलं मी’ असा फोन रोज यायला लागला की ती वैतागते, आणि एक दिवस कॅमेऱ्यावर टॉवेल टाकते. आता भिंग झाकायची झडप असलेले कॅमेरे मिळतात. तसला घ्यावा, आणि झडप कधी उघडायची ते आईने ठरवावं.