मैदानावर पास, वहीखात्यात नापास

आमच्या शाळेत वार्षिक निकालाच्या दिवशी एक प्रकार हमखास घडे. मास्तर एकेकाचे नाव पुकारून प्रगतिपुस्तक हातात देत आणि मधेच एखाद्या नावापाशी थांबून खालच्या आवाजात म्हणत, ‘तुझा निकाल राखून ठेवला आहे. वडिलांना कचेरीत पाठव.’ त्याचा अर्थ साऱ्या वर्गाला ठाऊक असे. फी थकलेली! पेपर मुलाने लिहिलेले, फी भरायची बापाने. पण वर्गात मान खाली जायची ती मुलाची.

फुटबॉलचे वेड मला लहानपणापासून. पण हा राखून ठेवलेला निकाल मला पुन्हा कुठे भेटला असेल, तर तो आयर्लंडच्या फुटबॉलमध्ये. तिथे २००६ साली डब्लिनच्या शेलबर्न क्लबने लीगचे विजेतेपद पटकावले. डेरी सिटीचे आणि त्यांचे गुण सारखे झाले. गोलांच्या फरकावर शेलबर्न पहिला आला. आणि पुढच्या मोसमात हा विजेता क्लब खेळला कुठे? तर खालच्या श्रेणीत! मैदानावर त्याला कुणीही खाली ढकलले नव्हते. देणी थकली होती आणि वरच्या श्रेणीत खेळण्याचा परवाना त्याला मिळाला नाही.

लीग ऑफ आयर्लंड ही स्पर्धा १९२१ सालची. १९८५ पासून तिच्या दोन श्रेणी आहेत. वरची प्रीमियर डिव्हिजन आणि खालची फर्स्ट डिव्हिजन. खालून पहिला येईल तो वर चढतो, वर शेवटचा राहील तो खाली घसरतो. खेळ साधा आणि न्याय सरळ. पण या शतकाच्या सुरुवातीला युरोपच्या फुटबॉल महासंघाने, म्हणजे युएफाने, परवान्याची पद्धत आणली आणि गुणतक्त्याशेजारी दुसरा एक तक्ता येऊन बसला. क्लबाने मैदानावर काय केले, मैदान आणि प्रेक्षागार कसे आहे, कारभारी माणसे पात्र आहेत का, कायद्याची कागदपत्रे नीट आहेत का आणि हिशेब चोख आहेत का, अशा पाच अंगांनी क्लबाची तपासणी होऊ लागली. आयर्लंडमध्ये आणखी एक नियम आला. क्लबाच्या उलाढालीपैकी पासष्ट टक्क्यांहून अधिक रक्कम खेळाडूंच्या पगारावर खर्च करता कामा नये.

हे नियम का लागले, ते समजायला तिथला संसार पाहावा लागेल. आयर्लंडमधला फुटबॉलवेडा माणूस पुष्कळदा लिव्हरपूल किंवा मँचेस्टरचा भक्त असतो. समुद्र ओलांडून तो तिकडचे सामने पाहायला जातो. घरच्या मातीतले गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे खेळ तर त्याच्या रक्तातच आहेत. उरलेल्या प्रेमावर स्थानिक क्लबांनी जगायचे. दूरचित्रवाणीचा पैसा तुटपुंजा, तिकीटविक्री बेताची. मग क्लबाच्या चालकांना भुरळ पडते ती युरोपातल्या स्पर्धांची. शेलबर्नने २००४ मध्ये क्रोएशियाच्या हायडुक स्प्लिटला हरवले आणि स्पेनच्या डेपोर्टिव्हो ला कोरुन्याला डब्लिनमध्ये बरोबरीत रोखले. चॅम्पियन्स लीगचे मुख्य दार अवघ्या एका पायरीवर होते. स्पेनमधला परतीचा सामना हरला आणि दार मिटले. पण लॉटरीचा आकडा थोडक्यात हुकला की माणूस काय करतो? पुढच्या आठवड्यात आणखी तिकिटे घेतो. क्लबांनी तेच केले. चांगले खेळाडू, मोठे पगार, आणि त्यांचा हिशेब उद्या येणाऱ्या पैशांवर.

हा उद्या बहुतेकांच्या बाबतीत आलाच नाही. २००५ मध्ये शॅमरॉक रोव्हर्ससारख्या सर्वांत नामांकित क्लबावर न्यायालयाच्या छत्राखाली जाण्याची पाळी आली. परवान्याच्या हिशेबांवरून त्याचे आठ गुण कापले गेले आणि तो इतिहासात प्रथमच खाली घसरला. ज्या लढतीत तो घसरला, ती जिंकून वर आलेला संघ होता डब्लिन सिटी. गंमत अशी, की हा विजेता पुढच्या मोसमाच्या मध्यावर, जुलै २००६ मध्ये, पैशांअभावी बंदच पडला. २००९ च्या गुणतक्त्यात तिसरा आला कॉर्क सिटी आणि चौथा डेरी सिटी. २०१० चा मोसम सुरू झाला तेव्हा तिसऱ्याची कंपनी न्यायालयाने गुंडाळली होती आणि चौथ्याला खेळाडूंशी केलेल्या छुप्या करारांपायी लीगमधून काढून टाकले होते. दोघांनाही पुन्हा पाटी घेऊन फर्स्ट डिव्हिजनमध्ये बसावे लागले.

या साऱ्या घोळाचा मूर्तिमंत इतिहास पाहायचा तर डंडॉकला जावे. डब्लिन आणि बेलफास्ट यांच्या अधेमधे, सरहद्दीजवळ वसलेले हे गाव. तिथला क्लब १९०३ मध्ये रेल्वेच्या कारखान्यातील कामगारांनी काढला. परळच्या वर्कशॉपचे भोंगे ऐकलेल्या वाचकांना असा क्लब म्हणजे काय चीज असते, हे वेगळे सांगायला नको. डब्लिनबाहेरचा पहिला लीगविजेता हाच.

२००६ साली डंडॉक खालच्या श्रेणीत होता. वर चढण्यासाठीच्या निर्णायक लढतीत त्याने वॉटरफर्ड युनायटेडला हरवले. गावात जल्लोष झाला असेल, पण तो वाया गेला. त्या वर्षी लीगची फेरमांडणी चालली होती आणि कोणता क्लब कुठे बसवायचा, हे खेळाबरोबरच कारभाराचेही गुण देऊन एक समिती ठरवणार होती. समितीचा निकाल लागला तेव्हा हरलेला वॉटरफर्ड वरच राहिला, डंडॉकच्या मागे तिसरा आलेला गॉलवे युनायटेड वर गेला आणि जिंकलेला डंडॉक खालीच राहिला! डंडॉकच्या माणसांचा संताप आजही समजू शकतो. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, खालच्या श्रेणीत पहिला येऊन हा क्लब अखेर वर चढला.

पण दैवाचा काटा उलटही फिरतो. २०१२ मध्ये डंडॉकची तिजोरी रिकामी होती आणि संघ तळाशी रखडत होता. अशात जून महिन्यात मोनाहन युनायटेडने पैशांअभावी मोसमाच्या मध्येच लीग सोडली. त्यामुळे उरलेल्यांत शेवटचा येऊनही डंडॉकला निर्णायक लढतीची एक संधी मिळाली. समोर होता तोच, वॉटरफर्ड. या वेळी डंडॉक जिंकला आणि टिकला. गावातल्या दोघा व्यावसायिकांनी क्लब हाती घेतला, स्टीफन केनी नावाचे प्रशिक्षक आले आणि २०१४, २०१५, २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षे हा क्लब आयर्लंडचा विजेता ठरला. २०१६ मध्ये युरोपा लीगच्या गटात सामना जिंकणारा तो पहिला आयरिश क्लब ठरला. शेजाऱ्याचे घर कोसळले नसते, तर हे वैभव कदाचित उभे राहिलेच नसते!

इथे माझ्या मनात पेच पडतो. माझ्यातला खेळवेडा म्हणतो, चढउतार मैदानावरच ठरला पाहिजे. अकरा माणसे घाम गाळतात आणि निकाल बंद खोलीत हिशेबनीस लावतात, हा कुठला न्याय? पण माझ्यातला संसारी माणूस विचारतो, की ज्याने खेळाडूंचे पगार थकवून जास्त चांगला संघ उभा केला, त्याने जिंकलेला सामना तरी कितपत खरा? ऐपतीत राहून खेळणारा शेजारचा क्लब त्याच्यापुढे हरतो आणि खाली घसरतो. त्याच्यावर अन्याय झालाच ना? उधारीच्या पैशांवर मिळवलेले गुणही उधारीचेच. हे पटल्यापासून परवान्याला मी शत्रू मानत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. शिक्षा भोगतो कोण? पैसे उधळणारा मालक हात झटकून निघून जातो. मागे राहतात तिकीट काढून पावसात उभे राहणारे लोक, आणि पगार थकलेले खेळाडू. शिवाय तपासणाऱ्याचे स्वतःचे हिशेब चोख असावेत, ही अपेक्षा काही जास्त नाही. २००७ पासून लीग चालवणाऱ्या आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेचीच सुमारे साडेपाच कोटी युरोंची देणी २०१९ च्या अखेरीस उघड झाली. सरकार, युएफा आणि बँक धावून आले म्हणून ती तगली. क्लबांना मात्र अशी मावशी क्वचितच मिळते.

जे क्लब उभे राहिले, ते बहुतेक लोकांच्या वर्गणीवर. शॅमरॉक रोव्हर्स समर्थकांनी वाचवला. २०११ मध्ये युरोपा लीगच्या गटात पोहोचणारा तो पहिला आयरिश क्लब. कॉर्कमध्ये जुनी कंपनी बुडताच समर्थकांच्या संस्थेने स्वतः परवाना मिळवला, खालून सुरुवात केली आणि २०१७ मध्ये लीग आणि चषक दोन्ही जिंकले. शेलबर्नला पुन्हा लीग जिंकायला २०२४ उजाडले. मधे अठरा वर्षे गेली. राखून ठेवलेल्या निकालाची ही केवढी मोठी किंमत!

त्याच २०२४ मध्ये डंडॉक पुन्हा बुडण्याच्या बेतात होता. सप्टेंबरात ऐन वेळी नवा मालक मिळाला, क्लब वाचला, पण संघ तळाशी राहून खाली गेला. या वेळी समितीचा घोळ नाही, शेजाऱ्याची कृपा नाही. मैदानावरचा सरळ पराभव. २०२५ मध्ये त्याच क्लबाने खालच्या श्रेणीत पहिला क्रमांक मिळवून वरची जागा परत घेतली, तीही मैदानावरच. ही बातमी वाचली आणि मला उगाच बरे वाटले.

आमच्या वर्गातल्या त्या मुलांचे निकालही पुढे केव्हातरी लागत. कुणाचा मामा, कुणाचे शेजारी कचेरीत जाऊन फी भरत आणि पोरगा जूनमध्ये वरच्या वर्गात येऊन बसे. त्याला आम्ही सरकून जागा देत असू. मात्र बाकावर बसताना तो आधी मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहून घेई. डंडॉकची माणसे दर हिवाळ्यात परवान्यांची यादी अशीच पाहत असतील.